फक्त बायकांसाठीचा बाइकचा क्लास: तुम्हाला काय मिळालं? (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी गिअरची बाइक शिकले. क्लास फक्त बायकांचा. सहा जणी, शिकवणाऱ्या दोघी, चार सकाळी. घरून पहिला प्रश्न आला तो असा: "बायकांना वेगळा क्लास कशाला? रस्ता काय वेगळा असतो का तुमचा?" प्रश्न चोख आहे. मला तेव्हा चोख उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

पहिल्या सकाळी माझी गाडी अकरा वेळा बंद पडली. मोजल्या होत्या. अकराव्यांदा शिकवणारी शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता पुढे जायचंच नाही. क्लच इतका हळू सोडा की इंजिनाचा आवाज घोगरा होईल. तिथेच थांबा. परत दाबा." वीस मिनिटं मी तेवढंच केलं. आवाज जड होतो, गाडी दावं ओढणाऱ्या वासरासारखी किंचित पुढे सरकते, पुन्हा क्लच दाबायचा. डाव्या हाताच्या बोटांना ती जागा कळली आणि त्यानंतर गाडी बंद पडायची थांबली. हाफ क्लच, हाफ क्लच असं इतकी वर्षं नुसतं ऐकत होते!

याआधी मी तीनदा शिकायचा प्रयत्न केला होता. भावाकडे, नवऱ्याकडे आणि एका मिश्र क्लासमध्ये. तिन्हीकडे गाडी दुसऱ्यांदा बंद पडली की एकच वाक्य यायचं: "थांब, दे इकडे, मी दाखवतो." त्यात दुष्टपणा अजिबात नव्हता. पण त्या 'दे इकडे'ला मी वीस वर्षं गाडी देत आले. या क्लासात माझ्या हातातलं हँडल कुणी काढून घेतलं नाही, माझा फायदा एवढाच आणि तो मला पुरेसा आहे.

तुमचं लिहा. नुसतं 'खूप छान वाटलं' नको, नेमकं काय आलं किंवा काय आलं नाही ते लिहा. विरोधातले अनुभव जास्त हवेत. पुरुषांनीही लिहावं, फक्त 'मी बायकोला शिकवली' एवढ्यावर थांबू नये.

टाचा उचलून:
उंची पाच फूट एक इंच. मिश्र क्लासमध्ये पहिल्याच दिवशी मला बाइकवर बसवून बघितलं, दोन्ही पाय चवड्यांवर टेकले, आणि "मॅडम, तुम्हाला स्कूटरच बरी" म्हणून विषय मिटला. बायकांच्या क्लासमध्ये शिकवणारी माझ्याहून बुटकी! तिने सांगितलं, दोन्ही पाय टेकायची गरजच नाही. थांबताना सीटवर थोडं डावीकडे सरकायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा मागच्या ब्रेकवर. रस्ता उतरता असेल तिथे कुठला पाय टेकायचा हे थांबायच्या आधी ठरवायचं. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचं अंतर लहान हाताला जुळवून घेता येतं हेही तिथेच कळलं. काही गाड्यांना त्यासाठी चक्क छोटी चकती असते. आज माझ्या गाडीची सीट ७९० मिलिमीटरवर आहे आणि दोन वर्षांत थांबताना एकदाच पडले आहे. तेही गॅरेजमध्ये, मांजर बघून.

ब्रेक हवा होता:
विरोधातला हवा होता ना, घ्या. माझा बायकांचा क्लास म्हणजे नुसतं कौतुक. गुलाबी हेल्मेटं, दर फेरीला टाळ्या, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि फोटो. जोरात ब्रेक कसा लावायचा असं विचारलं तर उत्तर आलं, "हळू चालवलं की तशी वेळच येत नाही." तिसऱ्या आठवड्यात उभ्या असलेल्या गाडीचं दार समोर उघडलं. मी घाबरून नुसता पाय दाबला. मागचं चाक लॉक होऊन घसरलं, दाराला हँडल घासून गेलं. मनगटाला महिनाभर पट्टी.

मग मी मिश्र क्लास लावला. आठ जणांत बाई मी एकटी. तिथे ताशी ४० च्या वेगावरून थांबायचा सराव पंचवीस-तीस वेळा करून घेतला. पुढचा ब्रेक खस्सकन ओढायचा नाही. आधी हलका, गाडीचं वजन पुढे आलं की मग घट्ट. ब्रेक मारल्यावर भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवायचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. त्याला घाबरून फक्त मागचा वापरणं हीच माझी चूक होती. हे मला पहिल्या क्लासने सांगायला हवं होतं. त्यांनी माझी भीती जपली, मला नाही जपलं.

धागाकर्ती:
@ब्रेक हवा होता, मनगट कसंय आता? तुमचं वाचून आठवलं, आमच्याकडेही ब्रेकचा सराव झाला पण ताशी २० च्या वर नाही. मला आत्तापर्यंत ते पुरेसं वाटत होतं. आता वाटत नाही.

मास्तर:
दोन्ही प्रकारच्या बॅचेस शिकवल्या आहेत, म्हणून लिहितो. हा माझ्या मैदानावरचा अनुभव, सगळ्या जगाचा नाही.

मिश्र बॅचमध्ये बाईची गाडी आडवी झाली की तीन जण धावतात. बिचारे चांगल्या मनाने धावतात. पण कोर्स संपेपर्यंत त्या बाईने एकदाही गाडी स्वतः उचललेली नसते, आणि पुढे एकटीने निघताना नेमकी तीच धास्ती असते: पडली तर? बायकांच्या बॅचमध्ये मी दुसऱ्याच दिवशी गाडी मुद्दाम आडवी करतो आणि प्रत्येकीला उचलायला लावतो. दीडशे किलोची गाडी हातांनी उचलायला गेलात तर पाठ जाते, पुरुषांचीही. आधी इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे कोसळते. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बसल्यासारखं टेकायचं, एका हातात हँडल, दुसऱ्यात मागची दांडी, कंबर ताठ, आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकायची. गाडी वर येताना प्रत्येकीचा चेहरा बघण्यासारखा असतो. ते बघायला मी त्या बॅचेस घेतो असं म्हटलं तरी चालेल.

आता दुसरी बाजू. बरेच पुरुष गल्लीत, मित्राच्या गाडीवर, चुकीचं शिकून येतात. पाय लोंबकळत ठेवणं, पुढच्या ब्रेकला हात न लावणं, वळणावर समोरच्या चाकाकडे बघणं. ते पुसायला जास्त वेळ लागतो. कोरी पाटी घेऊन आलेल्या बाईला शिकवणं मला सोपं जातं. आणि एक कबुली: प्रात्यक्षिक दाखवायला मी वर्षानुवर्षं मुलांनाच पुढे बोलवायचो. एका विद्यार्थिनीने तोंडावर विचारलं तेव्हा लक्षात आलं.

@ब्रेक हवा होता, तुमच्या पहिल्या क्लासने जे केलं त्याला शिकवणं म्हणत नाहीत.

आठात एकटी नव्हते:
मिश्र क्लासमध्ये शिकले, काहीही त्रास झाला नाही. सर कमी बोलायचे आणि सगळ्यांना सारखेच ओरडायचे. मला वेगळा क्लास लागला नसता. पण लागणाऱ्यांना का लागतो ते धाग्याच्या पहिल्या तीन परिच्छेदांत कळलं.

जुनी गाडी:
चर्चेत थोडं जुनं घालते. १९१६ मध्ये ऑगस्टा आणि ॲडलीन व्हॅन ब्यूरेन या बहिणी मोटरसायकलींवरून अमेरिका आडवी पार करून गेल्या. बायका सैन्यात निरोप पोचवायचं काम करू शकतात हे दाखवायचं होतं. वाटेत पोलिसांनी पकडलं ते पुरुषी कपडे घातले म्हणून, आणि सैन्याने शेवटी नाहीच घेतलं. १९३४-३५ मध्ये थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन लंडनहून केपटाउनला गेल्या, ६०० सीसीची पँथर मोटरसायकल, तिला साइडकार आणि वर मागे ट्रेलर, मध्ये सहारा. वॉलकने पुढे महायुद्धात ब्रिटिश सैन्यात निरोप्याचं काम केलं आणि नंतर अमेरिकेत मोटरसायकल शिकवण्याची शाळा काढली.

सांगायचा मुद्दा असा की बायकांना बाइक जमते का हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघालाय. तरीही १९४० मध्ये अमेरिकेत 'मोटर मेड्स' हा बाइक चालवणाऱ्या बायकांचा क्लब आणि १९५० मध्ये 'विमा' (WIMA) ही अशाच बायकांची आंतरराष्ट्रीय संघटना निघालीच. ज्यांना चालवता येत होती त्यांनाही एकमेकींची गरज वाटली. म्हणून 'बायकांना जमत नाही म्हणून वेगळा क्लास' हे कुणी म्हणालं की मी चिडते. (निदान आता तरी कुणी पुरुषी कपड्यांसाठी पकडत नाही.)

मागे कोण आहे:
माझा क्लास उत्तम होता आणि तरी मी रस्त्यावर घाबरले. मैदानात कोन मांडलेले, माती समतल, सगळ्या हसतमुख. आठचा आकडा मी डोळे झाकून काढायचे. पहिल्या दिवशी सिग्नलला माझ्यामागे बस आली आणि हॉर्न दिला, तर मला न्यूट्रलही सापडेना. पाय थरथरतो म्हणजे काय ते तेव्हा कळलं. महिनाभर गाडी कव्हरखाली.

मग क्लासमधल्याच एकीने फोन केला. तिचंही तेच. रविवारी पहाटे निघायला लागलो, एक पुढे, एक मागे. मागचीचं काम एकच, पुढचीच्या आणि बाकीच्या गाड्यांच्या मध्ये राहायचं. वळणावर मी खड्ड्याकडे बघत बसायचे आणि बरोबर खड्ड्यात जायचे. ती मागून ओरडायची, "नजर पलीकडे!" जिकडे नजर तिकडे गाडी हे क्लासमध्ये सांगितलं होतं, पण मैदानात खड्डाच नव्हता. मिश्र क्लासमध्ये असते तर रविवारी पहाटे सोबतीला कुणाला फोन केला असता? नसताच केला. क्लासच्या फीमध्ये मला खरं तर ती मैत्रीण मिळाली.

चूप बसणारी:
सगळ्या बायका एकमेकींना सांभाळून घेतात असं नसतं हो. आमच्या बॅचमध्ये एक ताई होत्या, त्यांना पहिल्या तासात सगळं आलं. नंतर चारही दिवस प्रत्येकीच्या चुका त्याच मोजत होत्या, मोठ्याने. शिकवणारीपेक्षा त्यांचीच धास्ती. पुरुष नसले म्हणून बघणारे डोळे कमी होत नाहीत. फरक पडला तो शिकवणारीने त्यांना गाडी उचलायला लावली तेव्हा. नाही उचलली गेली.

उद्यापासून:
सगळं वाचून काढलं. माझा उद्या पहिला दिवस, बायकांचाच क्लास. ब्रेकचं नक्की विचारते. एकच शंका, साधे खेळाचे बूट चालतील का?

टाचा उचलून:
घोटा झाकणारे असतील तर बरे. नाड्यांची टोकं मात्र बुटात आत खोचून टाका. शिकत असताना माझी एकदा गिअरच्या पेडलला अडकली. थांबले, पाय टेकवायला गेले, पाय आलाच नाही. अतिशय सावकाश, सगळ्यांना नीट दिसेल अशी पडले.