गोडी नसते असं नाही

मुलींना गोडी नसते म्हणून त्या कॉम्प्युटरचा कोर्स अर्धवट सोडतात, असं या चर्चेत वर एकाने लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. पुण्यातल्या एका वस्तीत मी चार वर्षं शनिवार-रविवार शिकवते. लॅपटॉप सहा, मुली चौदा. एकीने वहीच्या पुठ्ठ्यावर पेनाने मराठी टायपिंगच्या इनस्क्रिप्ट मांडणीचा कीबोर्ड काढला होता. रात्री भांडी आवरली की त्यावर बोटं फिरवायची. तिचं येणं थांबलं ते नळाला पाणी यायची वेळ बदलली म्हणून. आम्ही बॅच दीड तास पुढे नेली, ती परत आली.

मोबाईलचं तर विचारूच नका. फोन भावाचा, नंबर भावाचा. कुठलाही फॉर्म भरायचा तर ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो कामावर.

एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरच्या प्राथमिक ओळखीचा कोर्स राज्यात २००१ पासून आहे. सरकारी भरतीत विचारतात म्हणून घरचे त्याची फी कशीबशी भरतात. २०१७ ची ग्रामीण डिजिटल साक्षरता योजना होती, पण ती २० तासांची. तेवढ्यात ओळख होते, हात बसत नाही. दहावी झालेल्या मुलीला मी आयटीआयचा वर्षभराचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर आणि प्रोग्रॅमिंग असिस्टंट) ट्रेड सुचवते. रोज मशीनवर बसायला मिळणं फार मोठं आहे.

तुमच्यापैकी कोणी असे वर्ग चालवत असाल तर बॅच कोणत्या वेळेला घेता, आणि अंधार पडल्यावर मुलींना घरी सोडायला कोण जातं? तेवढं जरूर लिहा, आम्ही अजून त्यावरच अडलोय.