‘हाड’ की ‘अस्थी’? आणि ‘मृत्यूची वेळ’

मांडवीकाठ : शाळेच्या विज्ञान मंडळासाठी एक लेख मराठीत करते आहे. सांगाडा सापडला, तर माणूस जाऊन किती काळ झाला हे हाडांतल्या प्रथिनांवरून कसं काढतात, असा विषय. मी ‘हाडांतील प्रथिने’ लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी सगळीकडे ‘अस्थींमधील’ केलं, ‘हाड’ लेखी भाषेत बरं दिसत नाही म्हणून. शिवाय ‘मृत्यूनंतर लोटलेला काळ’ खोडून ‘मृत्यूची वेळ’. हे मला मुळीच पटलं नाही. वेळ म्हणजे रात्रीचे सव्वादोन. इथे उत्तर महिन्यांत नाहीतर वर्षांत येतं. या काळाला सुटसुटीत शब्द आहे का?

जुना पंचनामा : माझी नोकरी सिंधुदुर्गात झाली, आता मुक्काम पेडण्यात. आम्ही ‘मयत होऊन अंदाजे अमुक दिवस’ असं लिहायचो. कोर्टातही कुणाला अडचण आली नाही.

शुद्धमती : ‘मयत’ अरबीतून आलेला. ‘मृत्युपश्चात कालावधी’ म्हणा. आणि ‘त्यु’ ऱ्हस्वच हवा, ‘मृत्युपत्र’ लिहितो तसा.

फोंड्याची लेक : ‘पश्चात’ वाचलं की मला ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे’ आठवतं. ‘मरणोत्तर’ म्हटलं की पुरस्कार. या दोन्ही शब्दांना कामं लागलेली आहेत, ताई. पण खरा घोटाळा ‘अस्थी’त आहे. आजोबा गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी सावडायला गेले होते सगळे. मडक्यातून आल्या त्या अस्थी. आमच्या घरात या शब्दाला दुसरा अर्थच नाही. चितेतून आलेल्या हाडांत प्रथिनं उरतील का?

तांबडी माती : प्रयोगशाळेत काम करतो म्हणून लिहितो. फोंड्याच्या ताईंचा मुद्दा नुसता भावनेचा नाही. हाड पांढरं पडेपर्यंत जळलं की त्यातला सेंद्रिय भाग जातो, खनिज तेवढं राहतं. म्हणजे ज्या हाडांना मराठी माणूस ‘अस्थी’ म्हणतो, नेमकी तीच या तपासणीला निरुपयोगी! लेखात तो शब्द गेला तर मुलं उलटंच समजतील.

थोडं विषयाबद्दल. अंग गार पडणं, ताठरणं, रक्त खाली साकळणं यांचा उपयोग पहिले एक-दोन दिवस. पुढे अळ्या-माश्या. मांस गेलं की हाडाशिवाय काही राहत नाही. सुक्या हाडाच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा सेंद्रिय, आणि त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास कोलॅजन नावाचं प्रथिन. ते खनिजाला धरून असल्यामुळे टिकतं. बाकीची प्रथिनं हळूहळू कमी होतात. शिवाय प्रथिनांतल्या अ‍ॅस्परजिन आणि ग्लुटामिन या घटकांचा अमाइड गट, म्हणजे नायट्रोजन असलेला छोटा भाग, गळतो आणि प्रत्येक ठिकाणी वस्तुमान सुमारे १ डाल्टनने, म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूइतकं, वाढतं. एवढासा फरकही वस्तुमान वर्णपटमापी, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र, पकडतो. डुकरांच्या हाडांवरच्या प्रयोगांत बायग्लायकॅन या प्रथिनात हा बदल काळाबरोबर वाढताना दिसला आहे.

मात्र उष्णता, ओल आणि मातीचा आम्लपणा या सगळ्यांनी वेग बदलतो. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, वर चार महिने पाऊस. खनिज विरघळलं की कोलॅजन जंतूंपुढे उघडं पडतं. थंड देशात काढलेला आलेख गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सापडलेल्या हाडाला लावायचा नाही, हे लेखात जरूर घाला.

शुद्धमती : मान्य. पण मग ‘अस्थिभंग’, ‘अस्थिरोगतज्ज्ञ’ यांचं काय करणार? तिथे कुणाला चिता आठवत नाही.

फोंड्याची लेक : कारण ते समासात आहेत. सुटा ‘अस्थी’ म्हणून बघा. ‘माझी अस्थी दुखते’ असं कुणी म्हणेल? आणि ‘हाड’ हलकं कसं? हाडाचा शिक्षक म्हणतो तेव्हा आपण मानच देतो.

शुद्धमती : बरं, पण ‘कोलॅजन’ तरी मराठीत आणा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सरस. हाडं-कातडी उकळून सुतार वापरतात तोच. ‘सरसजन’ म्हणा. ‘प्रथिन’ असंच घडलं ना? १८३८ साली मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञाने ‘प्रोटीन’ छापलं, ‘पहिलं’ या ग्रीक अर्थावरून. त्यावरून आपलं ‘प्रथम’, ‘प्रथिन’.

जुना पंचनामा : ‘सरसजन’ वाचून मला चांगली माणसं वाटली. कोलॅजन राहू दे, साहेब. माझ्या नातीलाही तो शब्द माहीत आहे.

तांबडी माती : ‘अस्थी’वरून आठवलं. फणसाची ‘आठळी’ त्याच घराण्यातली. प्राकृतात ‘अट्ठि’, म्हणजे हाड आणि फळातली कोयही. फळाचं हाड ते!

जुना पंचनामा : खरंच? आमची आई आठळ्या राखेत भाजायची, चुलीत. त्या वासाची सर कशाला नाही.

मांडवीकाठ : ‘हाड’च ठेवते, कारणासकट लिहून देते बाईंना. लेख सोमवारी द्यायचा आहे. त्या काळाच्या शब्दाचं मात्र राहिलंच. ‘मृत्यूनंतर लोटलेला काळ’ दर वेळी लांब होतं हो. ‘मृत्यूत्तर काळ’ चालेल?

शुद्धमती : मृत्यु अधिक उत्तर, संधी दीर्घच होईल, ‘मृत्यूत्तर’ बरोबर. पण ‘आठळी’बद्दल मला शंका आहे. गोव्यात तर तिला कुणी आठळी म्हणत नाही.

फोंड्याची लेक : आमच्याकडे बिकणां. उकडून, मीठ लावून. ‘बीज’वरून असेल का तो शब्द?