मदत हवी आहे: ९० दिवसांच्या दाखल्यावर 'करिता' सही केली तर चालते का? (तातडीचं, सोलापूर)

वाळूचाळणी | रात्री ९:१२
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय. उद्या सकाळी दहाला माणसं ऑफिसात येऊन बसणार, त्याआधी एक नक्की उत्तर पाहिजे.
मालक बाहेरगावी आहेत. फोनवर म्हणाले, "तू करिता म्हणून सही कर, शिक्का मार आणि देऊन टाक. माझं डोकं खाऊ नको." शिक्का माझ्याच ड्रॉवरमध्ये असतो. यादी मुकादमाने दिलीय, फॉर्मही त्यानेच भरून आणलेत. सही, शिक्का आणि जावक नंबर एवढंच बाकी आहे. ९० दिवसांच्या दाखल्यावर अशी मालकांच्या वतीने केलेली सही चालते का? आणि पुढे काही झालं तर नाव कुणाचं येतं?
'वकिलाला विचारा' असं कृपया लिहू नका. तेवढा वेळ असता तर इथे आले नसते.

हिंजवडी_फेज३ | रात्री ९:२०
९० दिवस नोटीस पिरियड म्हणताय ना? सही अजिबात करू नका. माझ्या मित्राला यातच अडकवलं होतं. एचआरला मेल टाका, ३० दिवसांवर आणा, उरलेले बाय-आउट करा. ऑफर लेटरमध्ये काय लिहिलंय ते इथे टाका.

वाळूचाळणी | रात्री ९:२४
अहो दादा, नोटीस नाही. बांधकाम मजुराने बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला, कामगार कार्डासाठी लागतो तो. सोलापुरात कुणालाही विचारा, ९० दिवसांचा दाखला म्हटलं की कळतं.

कडक_भाकरी | रात्री ९:३१
कळतं की! आमच्या गल्लीत सध्या दुसरा विषयच नाही. बांधकाम कामगाराचं कार्ड, भांड्यांचा सेट, पोरांची स्कॉलरशिप. काय टेन्शन घेलालाव ताई, मारा शिक्का आणि द्या. गरिबाच्या घरात चार भांडी गेली तर तुमच्या मालकाच्या खिशातून काय जातंय?

हिशेबवही | रात्री ९:४०
ठेकेदाराच्या ऑफिसात टेबल सांभाळून माझे केस पिकलेत, म्हणून विचारतो. अर्धवट माहितीवर उत्तर देता येणार नाही. तुमची फर्म बिल्डर की ठेकेदार? एका मालकाची की भागीदारी? सही करायचा लेखी अधिकार तुम्हाला कधी दिलाय का? मजूर तुमच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपत्रकावर, आहेत की मुकादमाचे? यादीत नावं किती आणि त्यातली मस्टरवर किती?

वाळूचाळणी | रात्री ९:४९
काका, एवढ्या प्रश्नांत रात्र जाईल. ठेकेदार आहोत, आरसीसी आणि प्लास्टर. एकटे मालक. साइट दोन, एक होटगी रोडला, एक कुंभारीकडे. लेखी अधिकार वगैरे काही नाही, पण चलनं, कोटेशन, बँकेची पत्रं सगळ्यांवर मीच सही करते, कधी कुणी विचारलं नाही. मस्टर सुपरवायझर भरतो, महिनाअखेर पगारपत्रक मी करते. यादीत ४३ नावं आहेत.

पार्क_चौक | रात्री ९:५३
कुंभारीकडे म्हणजे रे नगरच्या बाजूला का? ३० हजार घरांची वसाहत आहे ती. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान आले आणि पहिली १५ हजार घरं दिली, तेव्हा गर्दीत मी पण होतो. तिकडे आता प्लॉटचा काय भाव चाललाय?

निवृत्त_ओव्हरसियर | रात्री ९:५८
आमच्या खात्यात नॉमिनल मस्टर रोल असायचा. मजुराचा अंगठा, समोर हजेरी, खाली आमची सही, आणि साहेब अचानक साइटवर येऊन डोकी मोजायचे. एक डोकं कमी भरलं तर मस्टर तिथेच लाल शाईने बंद. आता सगळं ठेक्यावर गेलं, मोजमाप पुस्तकात काम दिसतं, माणूस दिसत नाही. असो. बाई, मस्टरवर किती ते तुम्ही सांगितलंच नाही.

जुळे_सोलापूर | रात्री १०:०२
विषय निघालाच आहे तर विचारतो. मी घर बांधलं तेव्हा परवानगीच्या वेळी माझ्याकडूनही १ टक्का कामगार उपकर घेतला. मी काय ठेकेदार आहे का? हा परत मिळतो का?

हिशेबवही | रात्री १०:०६
@जुळे_सोलापूर, स्वतःला राहायचं घर आणि बांधकामखर्च १० लाखांपेक्षा जास्त नाही, एवढीच सूट १९९६ च्या कायद्यात होती. तुमचं त्यात बसलं नसणार. वेगळा धागा काढा.
@वाळूचाळणी, मस्टरवर किती?

वाळूचाळणी | रात्री १०:१५
१७.
बाकीचे बदली मजूर आहेत, नावं लिहायची राहून गेली, असं मुकादम म्हणतो. असेलही. स्लॅबच्या दिवशी कोण कोण येतं हे मलाही माहीत नसतं. पण यादीतल्या दोघीतिघी बायका आमच्या मागच्या गल्लीतल्या आहेत. त्या घरी विड्या वळतात. साइटवर मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. आता तरी सांगा, सही चालते की नाही?

कारखाना_भोंगा | रात्री १०:२४
आता खरी गोष्ट बाहेर आली. पोरी, सही करू नकोस. बांधकाम कामगारांचा हा कायदा मूळ १९९६ चा. महाराष्ट्रात नियम व्हायला २००७ उजाडलं आणि त्यांचं कल्याणकारी मंडळ उभं राहायला २०११. एवढी वर्षं मोर्चे काढून मिळालेली गोष्ट आहे. शटरिंगवरून पडलेल्याच्या बायकोला पैसे मिळावेत म्हणून हा निधी आहे. कामावर मेला तर वारसाला ५ लाख आणि नैसर्गिक मृत्यूला २ लाख. ज्याने कधी घमेलं उचललं नाही त्याने रांगेत पुढे उभं राहायचं, आणि खऱ्या गवंड्याचा अर्ज त्रुटी लावून परत येतो. विडी कामगारांना त्यांचं वेगळं कार्ड आहे, १९७६ चा वेगळा कायदा आहे.

कडक_भाकरी | रात्री १०:३१
भोंगा काका, कार्ड आहे, पण त्यावर मिळतंय काय? विडीवरचा सेस जीएसटी आल्यावर २०१७ ला बंद झाला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. हजार विड्या वळून बाईच्या हातात काय पडतं ते बघा एकदा. वरून पानं खराब म्हणून छाट वेगळी. तिने एक पेटीभर भांडी घेतली तर तुमच्या चळवळीचं काय बिघडलं?

कारखाना_भोंगा | रात्री १०:३८
बिघडतं. विडीवाल्या बाईसाठी विडीच्या मालकाशी भांडायचं असतं, गवंड्याच्या ताटातलं उचलून द्यायचं नसतं. आणि ती पेटी तिला फुकट मिळत नाही. दाखल्याचे एजंट किती घेतो ते विचार तुझ्या गल्लीत.

कडक_भाकरी | रात्री १०:४०
घेतो, मान्य. तेवढं बरोबर आहे तुमचं.

एक्सेल_गुरू | रात्री १०:४४
हे सगळं २०१० मधलं चाललंय. फेस रेकग्निशन हजेरीचं अ‍ॅप बसवा, जिओ-टॅगसकट. मी आमच्या तीन साइटवर बसवलं, मस्टर वादच संपले. डेमो हवा असेल तर निरोप करा.

वाळूचाळणी | रात्री १०:४७
उद्या दहापर्यंत अ‍ॅप बसवून मागच्या वर्षाची हजेरी लागणार आहे का? मला प्रश्नाचं उत्तर द्या हो कुणीतरी!

हिशेबवही | रात्री ११:०५
देतो. जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.
करिता लिहिलं तरी खालची सही तुमचीच. चलन आणि कोटेशनवर चालून जातं, कारण ते तुमच्या आणि दुकानदाराच्या मधलं असतं. दाखला सरकारदरबारी पुरावा म्हणून जातो. खोटं आहे हे माहीत असून असा दाखला जो देतो किंवा त्यावर सही करतो, त्याच्यावर भारतीय न्याय संहितेचं २३४ कलम लागतं. पूर्वीचं भादंवि १९७. 'मालकाने सांगितलं म्हणून' याला तिथे जागा नाही, त्यात तुमच्याकडे लेखी अधिकारही नाही. मालकांचा फोन कुठे नोंदलेला नसतो. सही आणि जावक नंबर मात्र तुमच्या अक्षरात राहतो.
जावकचं नीट समजून घ्या. पोर्टलवर अर्ज भरताना दाखला कुणी दिला, जावक क्रमांक काय, तारीख काय, हे भरावं लागतं. म्हणजे उद्या चौकशी आली तर पहिली मागणी तुमच्या जावक रजिस्टरची आणि दुसरी मस्टरची. दोन्ही वह्या तुमच्याच टेबलावर. मालकांना त्या कोणत्या कपाटात आहेत हेही ठाऊक नसेल.
आता दुसरी बाजू. ती २६ नावं सगळीच खोटी आहेत असं धरून चालू नका. मुकादमाला आपण प्लास्टरचे पैसे ब्रासवर देतो, सेंटरिंगचे चौरस फुटावर. तो किती माणसं आणतो याची कागदावर नोंदच होत नाही. त्यात खरोखर राबणारे दहाबारा जण नक्की असतील आणि तुमच्या फर्मने त्यांना मस्टरवर घ्यायला हवं होतं. त्यांचा हक्क बुडायला नको. सुपरवायझरची डायरी, काँक्रीटच्या दिवसाच्या नोंदी, मुकादमाला दिलेली उचल, साइटवरचे फोटो, यातून नावं जुळतात का ते बघा. जुळतील त्यांचं सुपरवायझरकडून सहीनिशी लिहून घ्या. मागच्या तारखेने मस्टरमध्ये नावं घुसडू नका, शाई लगेच ओळखू येते.
आणि मस्टरवर १७ आहेत म्हणजे १७ जणांचे ९० दिवस भरले असं नाही. मागच्या बारा महिन्यांतले दिवस एकेकाचे मोजा.

निवृत्त_ओव्हरसियर | रात्री ११:१०
शाईचं अगदी खरं. आमच्याकडे एकाने तर पेनही वेगळं वापरलं होतं, हिरवं.

नवी_पेठ | रात्री ११:१४
एवढा घोळ कशाला? महापालिकेकडे नाहीतर गावच्या ग्रामसेवकाकडे पाठवा. तेही दाखला देऊ शकतात.

कडक_भाकरी | रात्री ११:१७
देऊ शकतात, देतात कुठे? आमच्या गावचे भाऊसाहेब म्हणतात, तुम्ही शहरात कुणाच्या बिल्डिंगवर काम केलं ते मला काय माहीत.

नवी_पेठ | रात्री ११:१९
मग त्यात भाऊसाहेबांचं चुकलं काय?

वाळूचाळणी | रात्री ११:२२
हिशेबवही काका, उत्तर मिळालं, आभारी आहे. पण मालकांना सांगू काय? "मी सही करणार नाही" म्हटलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. बाकीच्यांना बोलायला सोपं आहे. पगार मला लागतो.

हिंजवडी_फेज३ | रात्री ११:२५
टॉक्सिक कल्चर आहे. रिझ्युमे अपडेट करा, पुण्यात या.

हिशेबवही | रात्री ११:३३
नाही म्हणूच नका. काम पूर्ण करून त्यांच्यासमोर ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर असं टाका:
"सर, मस्टर तपासून ज्यांचे ९० दिवस भरतात त्यांचे दाखले तयार ठेवले आहेत. आपण आल्यावर सही करावी. यादीतल्या उरलेल्या नावांची हजेरी रेकॉर्डला सापडत नाही. सुपरवायझरला लेखी तपशील मागितला आहे. तो आल्यावर आपण सांगाल तसं करते."
त्यात नकारही नाही, आरोपही नाही, आणि 'सापडत नाही' हे लेखी गेलं. मालक शहाणे असतील तर त्यांना कळेल की तुम्ही त्यांनाच वाचवताय. मजुरांनाही उद्या हाकलू नका. त्यांना एवढंच सांगा, की मालक आले की मस्टरवाल्यांना मिळणार.
मुकादम फारच आवाज करायला लागला तर त्याला विचारा, तू स्वतः ठेकेदार म्हणून नोंद केली आहेस का? केली असेल तर त्याच्या माणसांना त्याने स्वतःच्या शिक्क्याने दाखला द्यावा. तुमच्याच शिक्क्यासाठी तो का अडून बसलाय, ते लगेच कळेल.
एक राहिलं. शिक्का ड्रॉवरमध्ये उघडा ठेवू नका.

सही_पुरवठा | रात्री ११:४०
ऑफिस असिस्टंट म्हणून काम करताना एमएस-सीआयटी आणि टॅली दोन्ही हवं. मराठी टायपिंग ३० असेल तर उत्तम. आमच्या क्लासची नवीन बॅच सुरू होत आहे.

वाळूचाळणी | दुसरा दिवस, दुपारी ३:०८
विचारलंय म्हणून कळवते. सकाळी नऊपासून गर्दी. मस्टर काढून एकेकाचे दिवस मोजले. १७ पैकी १२ जणांचे भरले. उरलेल्या पाचांतले दोघे त्याआधी दुसऱ्या ठेकेदाराकडे होते म्हणे, ते चालतं का?
मालकांना मेसेज टाकला. निळ्या खुणा आल्या, तासभर काही नाही, मग फोन. आधी चिडले. मग विचारलं, "चौकशी झाली तर मस्टर मागतात का?" मी हो म्हटलं. "ठेव तसंच, मी बघतो." मुकादमाला नोंदणीचं विचारलं तर तो म्हणाला चहा पिऊन येतो. अजून आला नाही.
त्या विड्यावाल्या बायका बसून होत्या. त्यातली एक म्हणाली, फॉर्मचे पैसे तर आम्ही आधीच दिलेत. कुणाला, ते सांगेना.

कारखाना_भोंगा | दुपारी ३:२०
बघ. मी काय म्हणत होतो.

कडक_भाकरी | दुपारी ३:२६
तिचे पैसे परत कोण देणार, तेवढं सांगा आता काका.

हिशेबवही | दुपारी ३:४१
दोघांचं चालतं. बारा महिन्यांत बांधकामाचे ९० दिवस, एवढंच कायदा म्हणतो, एकाच मालकाकडे असं म्हणत नाही. तुम्ही तुमच्याकडचे जेवढे दिवस झाले तेवढ्याचाच दाखला द्या, उरलेला त्यांनी तिकडून आणावा. प्रत्येकाला वेगळा जावक नंबर द्या, एका नंबरावर यादी जोडू नका. आणि प्रत्येक दाखल्याची झेरॉक्स मस्टरच्या त्या महिन्यांच्या पानांसोबत फाइलला लावा.

घरकुल_वाली | संध्याकाळी ७:५५
ताई, सगळं वाचलं नाही, पण तुम्ही ९० दिवसांचा दाखला देता असं कळलं. माझ्या जाऊबाईंचं पण करून द्याल का? त्या शिवणकाम करतात. आधार, फोटो सगळं तयार आहे. कुठे यायचं?

वाळूचाळणी | रात्री ८:०२
होटगी रोडच्या साइटवर, सकाळी आठला. घमेलं आणू नका म्हणावं, आम्ही देतो. नव्वद दिवस भरले की दाखला.