प्रत्यारोपणानंतर बदलणाऱ्या मनःस्थितीची नोंद कशी ठेवावी?

प्रश्न (वारजे, पुणे):
माझ्या यजमानांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन सात आठवडे झाले. मूत्रपिंड त्यांच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे माझ्या नणंदबाईंनी दिले आहे. रक्तदाब, वजन, किती पाणी प्यायले, लघवी किती झाली, हे सारे आम्ही रोज वहीत लिहितो आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिनही समाधानकारक आहे. मात्र पहिले तीन आठवडे पहाटे तीनला उठून कपाटे आवरणारे, भराभर बोलणारे हे गृहस्थ आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. डॉक्टरांनी विचारले की "बरं आहे" एवढेच म्हणतात, आणि नणंदबाई आल्या की मान खाली घालतात. हे औषधांमुळे होत असेल का, आणि डॉक्टरांना नेमके काय सांगावे?

उत्तर (सिंहगड रस्ता):
ताई, मला माझ्या आईने मूत्रपिंड दिले आहे, म्हणून लिहितो. सुरुवातीला प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा डोस मोठा असतो. त्याने झोप उडते, चिडचिड होते, कधी उगाच उत्साह येतो, आणि डोस उतरत गेला की काहींना मरगळ येते. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसनेही हात थरथरतात, झोप बिघडते. त्यामुळे त्याच वहीत डोस कधी बदलला ती तारीख, झोपेचे तास आणि दिवसभरातील मनःस्थितीचा शून्य ते दहा असा आकडा लिहा. मात्र सारेच गोळ्यांवर ढकलू नका. आईच्या पोटावरची जखम पाहिली की मला जेवण जात नसे, आणि हे मी कितीतरी दिवस कोणालाच सांगितले नव्हते.

उत्तर (प्रत्यारोपण विभागात काम केलेली परिचारिका):
रोजच्या आकड्याच्या जोडीला दर पंधरा दिवसांनी पीएचक्यू-९ ही नैराश्याची चाचपणी करणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली त्यांनाच भरू द्या, कारण ती मागच्या दोन आठवड्यांबद्दलच विचारते. गुण ० ते २७ असतात; १० किंवा त्याहून अधिक आल्यास डॉक्टरांशी बोलावे. झोप, भूक आणि थकवा यांवरचे प्रश्न शस्त्रक्रियेने व औषधांनीही वर जातात, म्हणून केवळ बेरीज पाहून नैराश्य ठरवता येत नाही. नववा प्रश्न मात्र मरणाच्या वा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आले तर त्याच दिवशी कळवा, त्यांना एकटे ठेवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही जवळ असू द्या.

एकाएकी गोंधळणे, दिवस-रात्र न कळणे, भास होणे हे निराळे लक्षण आहे. त्यामागे जंतुसंसर्ग, रक्तातील टॅक्रोलिमसची वाढलेली पातळी किंवा सोडियमची गडबड असू शकते, त्यामुळे पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये.

कोणतीही गोळी स्वतःहून कमी करू नका. मूत्रपिंड नाकारले जाण्याचा धोका असतो. मन शांत करणारा काढा किंवा चूर्णही विचारल्याशिवाय देऊ नका, कारण काही वनस्पती टॅक्रोलिमसची पातळी बदलतात. मनोविकारतज्ज्ञांनाही चालू औषधांची पूर्ण यादी दाखवावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर:
काल प्रश्नावली त्यांच्या हाती दिली. बेरीज १३ झाली, नवव्या प्रश्नाला शून्य. "आपण घरच्यांना कमी पडलो असे वाटणे" या ओळीवर पेन बराच वेळ थांबला आणि मग ते बहिणीबद्दल म्हणाले, "ताईडीचं आयुष्य मी अर्धं केलं." सोमवारी तपासणी आहे, वही आणि तो कागद दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवणार आहे. नणंदबाईंनीही सोबत येते म्हणून सांगितले आहे.