महापालिकेच्या मतदानाला मतदार ओळखपत्र नसेल तर?

नदीकाठ:
मतदार ओळखपत्र सापडत नाहीये. आधार आहे, पण त्यावर सासरचं नाव आणि जुना पत्ता. यादीत माहेरचंच नाव आहे. एवढ्यावर मत देता येईल का?

शाईचं बोट:
पत्त्याची काळजी सोडा. ओळखपत्रावरून तुम्ही कोण एवढंच पाहतात. मत कुठल्या केंद्रावर, हे प्रभागाची यादी ठरवते. अडचण नावाची आहे. पहिला मतदान अधिकारी यादीतलं नाव तुमच्या कागदाशी ताडून बघतो. वेलांटी चुकली तर कुणी अडवत नाही, पण नाव आणि आडनाव दोन्ही बदललं असेल तर वाद होतो, मागची रांगही खोळंबते. माहेरच्या नावाचं पॅनकार्ड शोधा, बऱ्याच जणींचं ते बदललेलं नसतं. पासपोर्ट, वाहन परवाना, टपाल खात्याचं किंवा राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटोचं पासबुक, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, दिव्यांग दाखला, मनरेगाचं जॉब कार्डही चालतं. खासगी कंपनीचं ओळखपत्र चालत नाही.

मूळ कागदच न्या. केंद्रात मोबाइल वापरता येत नाही, त्यामुळे त्यातल्या फोटोवर विसंबू नका.

गल्ली नंबर चार:
घरी येणारी मतदार चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नव्हे, ही चूक दरवेळी होते. तिचा उपयोग केंद्र, यादी भाग आणि अनुक्रमांक कळण्यापुरता.

यादीत नावापुढे दोन तारे (**) आहेत का, तेही आधीच बघा. संभाव्य दुबार नावांपुढे ती खूण केलेली असते. मग केंद्रावर 'दुसरीकडे मत दिलेलं नाही, देणारही नाही' असं हमीपत्र द्यावं लागतं आणि ओळख जास्त काटेकोर तपासतात.

नदीकाठ:
आणि माझ्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर?

शाईचं बोट:
परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा. ओळख पटली की छापील मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. अशा वेळी भक्कम ओळखपत्र हाताशी हवं.

नाव बदलायला किंवा हरवलेल्या ओळखपत्राच्या जागी नवं घ्यायला नमुना ८ भरा. महापालिकेसाठी वेगळी नोंदणी नसते, विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय फोडतात. पण त्यासाठी ठरावीक तारखेची यादी धरतात, त्यानंतरची दुरुस्ती या निवडणुकीत दिसणार नाही. तेव्हा यंदा पॅनच.