दम्याचा पंप दप्तरात की ऑफिसच्या कपाटात?

पाचवीची आई: काल पालकांच्या ग्रुपवर एका सरांनी लिहिलं, 'पंप ऑफिसात जमा करा. पोरं खेळणं करतात, शिवाय पंपाची सवय लागते.' आधी सवयीचं बोलू. निळ्या पंपाच्या एका दाबात साल्ब्युटामॉल हे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध 100 मायक्रोग्रॅम. त्याचीच गोळी 2 मिलिग्रॅमची, म्हणजे वीसपट. गोळी चालते, मग पंपाचीच भीती का? औषध थेट फुप्फुसात जातं म्हणून एवढंसं पुरतं. माझा मुलगा मैदानावर धापा टाकत बसला होता आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे, ते मीटिंगला गेलेले! वर खडूची धूळ, मुलं वर्गात असतानाच झाडलोट, जानेवारीत आपल्या सोलापूरच्या गड्डा जत्रेचा धुरळा.

मास्तर: भरलेला वर्ग एकट्यानं सांभाळून बघा. एकाचा पंप चौघं तोंडात घालतात, डोळ्यांनी पाहिलंय. काही झालं तर कॉलर आमचीच धरता. आणि खडूचं काय घेऊन बसलात? पूर्व भागात घरोघरी विड्या वळतात, तंबाखूची भुकटी पोरांच्या नाकात. दोष मात्र शाळेला.

कुंभारीकर: ओ सर, तोंड सांभाळून. आईनं विड्या वळूनच माझी फी भरली. हौसेनं कोण सुपात तंबाखू घेऊन बसतं? एकाच खोलीत चूल, झोप, अभ्यास. तिला खोकला लागलाय, डॉक्टर म्हणतात काम सोडा. सोडून खायचं काय?

यंत्रमाग कामगार: विडीच कशाला, आमच्याकडे सुताची धूळ उडते. अंघोळ केल्याशिवाय पोरीला जवळ घेत नाही. मास्क मालकानं द्यायला नको?

मास्तर: कुणाच्या आईला बोललो नाही. पण घरातली धूळ खोटी आहे का?

कुंभारीकर: खोटी नाही. आई आता दारात बसून वळते. तुम्ही फळा ओल्या फडक्यानं पुसा, मग आम्हाला शिकवा.

पाचवीची आई: विडीचा वेगळा धागा काढा, पोरांचं राहूनच चाललंय. दम लागला तर मुलाला बसतं ठेवा, आडवं करू नका. स्पेसरमधून, म्हणजे पंपाला लावायच्या पोकळ नळीतून, एकेक दाब, मध्ये श्वास घेऊ द्या. चार दाबांनी उतार पडला नाही, बोलता येईना, ओठ निळे पडले तर लगेच 108.

मास्तर: बरं. पाचवीपासून पुढच्यांनी दप्तरात ठेवावा. लहानांचा बाईंच्या टेबलात, कुलूप नको. पण डॉक्टरांची चिठ्ठी पाहिजेच, त्याशिवाय मी मान्य करणार नाही.

पाचवीची आई: चिठ्ठी उद्याच देते. पीटीला मैदानावर पंप आणि स्पेसर कोण नेणार, तेही उद्याच ठरवा.