संयुक्त राष्ट्रांचं बजेट : वर्गणी अडवून धरणं योग्य आहे का?

उंबरठा (धागाकर्ता)
संयुक्त राष्ट्रांचं २०२५ चं नियमित बजेट ३.७२ अब्ज डॉलरचं होतं. २०२६ साठी ते कापून ३.४५ अब्जांवर आणलं. चर्चा सगळी या कपातीची चालते, पण माझ्या मते खरं दुखणं मंजूर झालेले पैसे वेळेवर न येण्याचं आहे.

सनदेचं कलम १७ स्पष्ट आहे: आमसभा ठरवेल त्या वाट्याने खर्च सदस्यांनी उचलायचा. म्हणजे ही वर्गणी आहे, देणगी नव्हे. जानेवारीत बिलं जातात, ३० दिवसांत भरायची असतात. अगदी गरीब देशांचा वाटा ०.००१ टक्क्यापर्यंत खाली आहे, भारताचा १.१०६ टक्के, अमेरिकेचा २२ टक्के. आणि घोडं अडतं ते याच २२ टक्क्यांवर. कलम १९ प्रमाणे थकबाकी दोन पूर्ण वर्षांच्या वर्गणीइतकी झाली की आमसभेतलं मत जातं. मग त्या रेषेच्या जरा अलीकडे थांबून वर्षानुवर्षं थकवता येतं. डिसेंबरात बजेटला मान डोलवायची आणि जानेवारीत हात आखडता घ्यायचा, याला मी तरी मुत्सद्देगिरी म्हणणार नाही.

हिशेबी
असहमत. १९३ देश, प्रत्येकाला एक मत, आणि अमेरिका व चीन हे दोघेच मिळून ४२ टक्के भरतात. ज्याच्या खिशातून जातं त्याने हिशेब विचारायचा नाही?

इतिहास बघा. १९८५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठरवलं की बजेटवरच्या मतदानात वाट्यानुसार वजन मिळालं नाही तर आपण २० टक्क्यांवर भरायचं नाही. आरडाओरडा झाला, पण १९८६ च्या डिसेंबरात आमसभेने बजेट शक्यतो सर्वसहमतीने ठरवण्याची पद्धत मान्य केली. १९९४ मध्ये अंतर्गत देखरेखीचं स्वतंत्र कार्यालय आलं, तेही याच दबावातून. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. नुसत्या भाषणांनी यातलं काहीही झालं नसतं.

उंबरठा
देखरेख कार्यालय चांगलं झालं, मान्य. पण तुम्ही सांगितलेल्या सहमतीच्या पद्धतीचा अर्थच असा की मोठ्या देशाला टेबलावर नकार देता येतो. २००७ च्या डिसेंबरात अमेरिकेने तो दिलाही: बजेट १४२ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं. तो विरोध मला पटला नाही, पण तो सरळ होता. समोर बसून नाही म्हणा. हो म्हणून पैसे अडवू नका.

पाणपोई
+१. आणि या टंचाईचं ओझं कोणावर पडतं तेही बघा. शांतिसेनेचं बजेट वेगळं असतं. तिथे थकबाकी झाली की सैनिक पाठवणाऱ्या देशांची भरपाई लांबते. भारत, बांगलादेश, नेपाळ, रवांडा यांनी माणसं आधीच पाठवलेली असतात. म्हणजे श्रीमंत देशाची उधारी हे देश सोसतात.

तिसरी घंटा
दोघेही फक्त अमेरिकेवर बोलताय. १९६० च्या दशकात सोव्हिएत संघ आणि फ्रान्सने काँगोतल्या मोहिमेचे पैसे द्यायला नकार दिला होता. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये तो संघटनेचाच खर्च असल्याचं मत दिलं, तरी ते हटले नाहीत. कलम १९ लावावं लागू नये म्हणून १९६४ च्या अधिवेशनात आमसभेने मतदानच टाळलं! अलीकडे चीनचेही पैसे वर्ष सरता सरता येतात.

पण मला त्याहून जास्त छळतो तो एक नियम. समजा बजेट १०० रुपयांचं. आले ८०, खर्च झाले ८०. कागदावर २० रुपये ‘शिल्लक’ दिसतात, आणि नियमाप्रमाणे ते सदस्यांच्या पुढच्या बिलांतून वजा करायचे. हातात कधी आलेच नाहीत ते पैसे परत द्यायचे! वर्षअखेरीस उशिरा पैसे आले तरी तेच होतं, कारण तोवर भरती थांबवलेली असते, खर्च करायला वेळ उरत नाही. २०१९ मध्ये रोकड संपत आली तेव्हा न्यूयॉर्कच्या मुख्यालयातले सरकते जिने बंद ठेवले होते. सरचिटणीस गुटेरेश यांनी जानेवारी २०२६ मध्ये सदस्यांना पत्र लिहून या नियमावरच बोट ठेवलं.

हिशेबी
हा नियम मुळात सदस्यांच्या पैशाच्या रक्षणासाठी आहे. तो काढला तर काटकसरीचं कारणच उरणार नाही.

तिसरी घंटा
काढा कुठे म्हणतोय? जेवढे पैसे खरोखर जमा झाले, तेवढ्यातलेच उरले तर परत करा. न आलेल्या पैशांची परतफेड थांबवा, एवढंच.

हिशेबी
एवढं असेल तर माझा विरोध नाही. पण उशिराला दरवेळी कपट म्हणू नका. अमेरिकेचं आर्थिक वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, आणि १९८० च्या दशकात त्यांनी भरणा त्या वेळापत्रकाप्रमाणे पुढे ढकलला. तिथे काँग्रेसने मंजुरी दिल्याशिवाय सरकारला एक डॉलर पाठवता येत नाही.

उंबरठा
उशिराचं कारण समजलं. पण पुढच्या ऑक्टोबरातही मागची बाकी तशीच राहते, ती कोणत्या वेळापत्रकामुळे?